लस, ताप आणि विश्वास : परळ ते पुणे, १८०२ ते २०२४

१/
लस टोचून घेतली. रात्री अंगात ताप भरला, दंड ठणकू लागला, दुसऱ्या दिवशी कामावर जाता आले नाही. शेजारी म्हणाला, "लसीनेच माणसे मरतात, ठाऊक नाही का?" हा प्रसंग २०२१ चा की १८९७ चा? दोन्ही वर्षांना तो सारखाच लागू पडतो. लसीच्या दुष्परिणामांच्या भीतीला महाराष्ट्रात दोन शतकांचा इतिहास आहे. त्याविषयी हा #थ्रेड. #इतिहास #लसीकरण

२/
आरंभी नकाशा पाहू. लोणावळ्याच्या उत्तरेस, राजमाचीच्या वाटेवर तुंगार्ली आहे. येथून घाट उतरला की मुंबई. तेथे परळला प्लेगची लस तयार होत असे. विरुद्ध दिशेस मावळ ओलांडला की पुणे. तेथे मांजरी-हडपसर परिसरात कोविशिल्ड तयार झाली. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि ही दोन शहरे जोडली गेली. पुढे साथ, लस आणि अफवा या तिन्हींनी याच घाटातून प्रवास केला.

३/
कथेचा प्रारंभ प्लेगच्याही आधीचा आहे. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गोस्तनदेवीच्या द्रवाने मानवी देवीपासून संरक्षण मिळते हे दाखवले. सहा वर्षांत तो द्रव बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस पोहोचला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस लस टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी देवीची लस. तिच्या दंडावरच्या फोडातील द्रवाने पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलांना टोचले गेले आणि तेथून लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली.

४/
बर्फ नाही, शीतपेटी नाही. तेव्हाची लस माणसाच्या शरीरातूनच प्रवास करी. आज टोचलेले मूल आठव्या दिवशी पुन्हा हजर करावयाचे आणि त्याच्या फोडातला द्रव दुसऱ्या मुलाला द्यावयाचा. मराठीत 'लस' या शब्दाचा मूळ अर्थच जखमेतून वा फोडातून पाझरणारा पातळ द्रव असा आहे. आज बाटलीबंद औषधासाठी वापरला जाणारा शब्द या दंडाकडून दंडाकडे चाललेल्या प्रवासाची आठवण बाळगून आहे.

५/
मग आईबापांची भीती समजणे कठीण नाही. मुलाला ताप येई, दंड सुजे. तो जरा बरा होतो न होतो तोच आठव्या दिवशी फोड पुन्हा टोचला जाई. शिवाय हा द्रव कोणाच्या अंगातून आला, त्या मुलाला दुसरा कोणता रोग होता काय, त्याची जात कोणती, असे प्रश्न होतेच. त्यातला जातीचा प्रश्न सामाजिक पूर्वग्रहाचा होता. रोगाचा प्रश्न मात्र निराधार नव्हता. दंडातून दंडात लस देताना अन्य रोग संक्रमित होऊ शकतो, हे एकोणिसाव्या शतकात युरोपातही सिद्ध झाले आणि पुढे वासराच्या अंगावर वाढवलेली लस रूढ झाली.

६/
देवी हा रोग म्हणजे देवीचे आगमन, अशी लोकसमजूत होती. गंमत अशी की लसीनेही तेच नाव उचलले. 'देवी काढणे', 'देवी टोचणे' हे शब्दप्रयोग मराठीत रुळले. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले. १८८० मध्ये देशपातळीवरचा लसीकरण कायदा आला. लोकांनी लस आपल्या भाषेत सामावून घेतली. पण सक्तीचा कागद सरकारचा होता. पुढील संघर्षाचे बीज येथे आहे.

७/
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून निघाले. त्यातील कितीतरी बोरघाट चढून देशावर आले आणि वर्ष संपण्यापूर्वी पुण्यात प्लेगचे रुग्ण दिसू लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आर्थर रोड रुग्णालयावर जमावाने हल्ला केला. अद्याप प्लेगची लस अस्तित्वातही नव्हती. म्हणजे वैद्यकीय यंत्रणेविषयीचा अविश्वास लसीपेक्षा वयाने मोठा आहे.

८/
याच काळात वाल्डेमार हाफकिन मुंबईस आला. जन्म ओडेसाचा, शिक्षण प्राणिशास्त्राचे, उमेदवारी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. कॉलऱ्याची लस त्याने १८९२ मध्ये प्रथम स्वतःवर आजमावली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्याने प्लेगचे जंतू पातळ रसात वाढवले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की जंतू त्यांना धरून भरघोस वाढतात, हे त्याच्या ध्यानी आले होते. मग ते जंतू उष्णतेने मारून लस सिद्ध केली.

९/
१० जानेवारी १८९७. हाफकिनने पुढे रूढ झालेल्या मात्रेच्या कितीतरी पट मोठी, १० घन सेंटिमीटरची मात्रा स्वतःस टोचून घेतली. टोचल्या जागी वेदना झाल्या, ताप चढला. प्लेगच्या लसीच्या दुष्परिणामांची पहिली नोंद ही अशी लस बनवणाऱ्याच्या स्वतःच्या देहावरची आहे. थोड्याच दिवसांत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस घेतली. नोंदीनुसार ते 'स्वेच्छेने' पुढे आले. तुरुंगातील माणसाच्या स्वेच्छेला किती अर्थ असतो, हा प्रश्न मात्र त्या नोंदीत विचारलेला नाही.

१०/
लसीचे सौम्य परिणाम कोणी नाकारले नव्हते. दंड सुजणे, एकदोन दिवस ताप, अंगदुखी. परंतु ज्याचे हातावर पोट त्याच्यासाठी दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची बुडालेली मजुरी. गिरणीतला खाडा पगारातून कापला जाई. डॉक्टरच्या दृष्टीने जो त्रास 'सौम्य', तो कामगाराच्या घरात उपाशी पोटाचा प्रश्न ठरे. दुष्परिणामांच्या इतिहासात ही बाजू फार थोडी लिहिली गेली आहे.

११/
त्यात सरकारची पद्धत. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या, देवघरे व माजघरे तपासली, माणसे छावण्यांत हलवली. १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. घरात बूट घालून शिरणाऱ्या सत्तेने पुढे केलेली सुई लोकांना औषधाची वाटणे अवघड होते.

१२/
प्लेगची लस सर्वांवर सरसकट सक्तीची नव्हती. परंतु ती घेतल्याचा दाखला असेल त्याला विलगीकरणाच्या जाचातून सवलत मिळे. म्हणजे सक्ती दाराने न येता खिडकीतून आली. मुंबईत आगाखान (तिसरे) यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि खोजा समाजातील अनेकांनी त्यांचे अनुकरण केले. १८९८ मध्ये हुबळीत सर्जन-कॅप्टन लॉयमन यांनी शहरातील बहुतांश लोकांना लस दिली. जेथे आपला माणूस पुढे होता किंवा डॉक्टर घरोघरी ओळखीचा होता, तेथे मोहीम चालली.

१३/
अफवांचे काय? त्या काळच्या सरकारी अहवालांतच त्यांची जंत्री सापडते. सुई गजभर लांब असते. टोचल्यावर माणूस तत्काळ मरतो. वाचला तर सहा महिन्यांत मरतो. पुरुषांचे पौरुष जाते, स्त्रिया वांझ होतात. पंजाबात तर एक बडा अधिकारी लस घेऊन अर्ध्या तासात तडफडून मेला, अशीही वदंता होती. या अफवा हास्यास्पद वाटतात. पण त्यांतली वंध्यत्वाची भीती २०२१ मध्ये शब्दशः परत आली.

१४/
आणि मग एक खरी दुर्घटना घडली. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातील मुल्कोवाल हे गाव. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जणांना '५३ एन' या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. आठवडाभरात त्या १९ जणांत धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. एकोणीसच्या एकोणीस दगावले. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेणाऱ्यांस काही झाले नाही.

१५/
दोष कोणाचा? चौकशी आयोगाने ठपका परळवर ठेवला. हाफकिनने लसनिर्मिती वेगवान करण्यासाठी पद्धत बदलली होती; कार्बोलिक ॲसिड न वापरता केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण केले होते. तेव्हा बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. हाफकिनला पदावरून दूर करण्यात आले. परंतु गावातील एक तपशील दुर्लक्षित राहिला होता. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता.

१६/
हा तपशील जगासमोर येण्यास वर्षे लागली. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि अन्य शास्त्रज्ञांनी २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिनची बाजू मांडली. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. जमिनीवर पडलेला चिमटा हे कारण अधिक संभवनीय होते. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाला. तो भारतात परतला, पण कलकत्त्यास. परळच्या प्रमुखपदी पुन्हा कधीच नाही. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला 'हाफकिन इन्स्टिट्यूट' हे नाव मिळाले.

१७/
इतिहासाच्या पुस्तकांत मुल्कोवाल हे बहुधा 'हाफकिनवरील अन्याय' म्हणून येते. तो अन्याय होताच. परंतु त्या कथेत १९ माणसे मेली आहेत, हे विसरता कामा नये. त्यांच्यासाठी दोष बाटलीचा की चिमट्याचा याने काही फरक पडत नव्हता. लस देणाऱ्या यंत्रणेतील एका चुकीने ती माणसे गेली. पंजाबातील मोहीम कोसळली आणि त्यानंतरच्या प्लेगच्या लाटांत तेथे प्रचंड जीवितहानी झाली. एका दुर्घटनेची किंमत अशी दोनदा मोजावी लागली.

१८/
आता २०२० कडे येऊ. १३ मार्च रोजी महाराष्ट्रात १८९७ चाच साथरोग कायदा लागू झाला. २६ ऑगस्ट रोजी पुण्यातील भारती रुग्णालयात कोविशिल्डच्या भारतातील चाचणीची पहिली मात्रा देण्यात आली. सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधील एका स्वयंसेवकाच्या आजारपणामुळे तेथील चाचणी थांबली, तेव्हा औषध महानियंत्रकांनी सीरमलाही थांबण्यास सांगितले. काही दिवसांनी परवानगी मिळून काम पुन्हा सुरू झाले. चाचणी मध्येच थांबणे हे वस्तुतः यंत्रणा जागी असल्याचे लक्षण. बाहेर मात्र त्याचा अर्थ 'काहीतरी लपवत आहेत' असा लावला गेला.

१९/
३ जानेवारी २०२१ रोजी कोविशिल्ड व कोव्हॅक्सिन यांना आपत्कालीन मंजुरी मिळाली. त्या वेळी औषध महानियंत्रकांनी लसी ११० टक्के सुरक्षित असल्याचे सांगितले. सौम्य ताप, वेदना, ॲलर्जी संभवते, हेही त्याच दमात सांगितले. लोकांच्या लक्षात ११० हा आकडा राहिला. कोणतेही औषध ११० टक्के सुरक्षित नसते, हे शाळकरी मुलालाही कळते. अशा अतिशयोक्तीची अडचण अशी, की पहिला गंभीर रुग्ण समोर येताच खरी माहितीसुद्धा संशयास्पद ठरते.

२०/
१२ जानेवारीला पुण्याहून लसीचे पहिले साठे विमानाने देशभर रवाना झाले. १६ जानेवारीस लसीकरण सुरू झाले. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर बसावयाचे आणि मग घरी जाऊन तापाची वाट पाहावयाची, हा अनुभव घरोघरचा झाला. कोविशिल्डच्या पहिल्या मात्रेनंतर ताप, डोकेदुखी, अंगदुखी अधिक प्रमाणात दिसे, दुसरीनंतर कमी. पर्यटनावर पोट असलेल्या लोणावळ्यासारख्या गावात, टाळेबंदीने आधीच रोजगार गेलेल्या हॉटेल कामगाराला व रिक्षाचालकाला पॅरासिटामॉलची गोळी आणि बुडणारा दिवस यांचा हिशेब करावा लागे. गिरणी कामगाराचा १८९७ चा हिशेब याहून वेगळा नव्हता.

२१/
मार्च २०२१ मध्ये युरोपातील अनेक देशांनी रक्ताच्या गुठळ्यांच्या शंकेने ॲस्ट्राझेनेकाची लस तात्पुरती थांबवली. ७ एप्रिलला युरोपीय औषध संस्थेने हा अत्यंत दुर्मिळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला: रक्तात गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेट्स कमी. कोविशिल्ड हीच लस; फक्त निर्मिती पुण्याची. भारताच्या राष्ट्रीय समितीने मे महिन्यात जाहीर केले की तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ संभाव्य रक्तगुठळीच्या आहेत. प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१. ब्रिटनमध्ये ते ४, जर्मनीत १०.

२२/
हे आकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कसे वाचावेत? पहिली गोष्ट, धोका खरा होता आणि अत्यंत विरळ होता. ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. दुसरी गोष्ट, नोंदींचे प्रमाण कमी असणे म्हणजे घटना कमी असणे, की नोंदवणारे हात कमी असणे, हे केवळ आकड्यावरून ठरत नाही. जूनमध्ये समितीने लसीमुळे झालेला पहिला मृत्यू मान्य केला: ६८ वर्षांचे गृहस्थ, ८ मार्चला लस, नंतर ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे तीव्र ॲलर्जी. लसीनंतरचा अर्धा तास याच धोक्यासाठी राखलेला असतो.

२३/
त्याच जून महिन्यात नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लसीनंतर नाणी व चमचे चिकटतात, असे चित्रण राज्यभर फिरले. डॉक्टरांनी लसीशी त्याचा संबंध नसल्याचे सांगितले; परंतु खंडन चित्रणाइतके दूर गेले नाही. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. लसीनंतर घडणाऱ्या गोष्टी चार प्रकारच्या: सामान्य व सौम्य परिणाम, दुर्मिळ व गंभीर परिणाम, लसीविनाही घडले असते असे योगायोगाचे आजार, आणि निव्वळ अफवा. १८९७ पासून आजवरचा बहुतेक गोंधळ हे चार प्रकार एका पोत्यात भरल्याने झाला आहे.

२४/
सक्तीही जुन्याच वाटेने आली. लस ऐच्छिक होती; परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये सामान्य प्रवाशाला प्रवेश हवा तर दोन मात्रा आणि वर १४ दिवस पूर्ण असावे लागत. प्लेगच्या दाखल्याची ही पणती! २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येत नाही. देहाची स्वायत्तता हा मूलभूत हक्काचा भाग आहे. सरकारचे लसीकरण धोरण न्यायालयाने अवाजवी ठरवले नाही. मात्र दुष्परिणामांच्या नोंदी खासगी तपशील राखून लोकांसमोर ठेवण्यास सांगितले.

२५/
एप्रिल २०२४ च्या अखेरीस 'कंपनीची कबुली' ही बातमी झळकली. ब्रिटनमधील न्यायालयात ॲस्ट्राझेनेकाने मान्य केले होते की लसीने अत्यंत दुर्मिळ प्रसंगी गुठळ्यांचा विकार होऊ शकतो. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या लसीने आता काही होईल काय, या चिंतेने घरोघर फोन वाजले. वस्तुतः हा परिणाम २०२१ पासून अधिकृत नोंदींत होता आणि तो लसीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसणारा आहे. माहिती उपलब्ध होती. ती मराठीत, सोप्या शब्दांत, लस देतानाच सांगितली गेली असती तर ती 'कबुली' म्हणून आदळली नसती.

२६/
तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंविषयीही हीच शंका होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटाचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडला की कोविड लसीने अशा मृत्यूंचा धोका वाढलेला आढळत नाही. हा दिलासा महत्त्वाचा आहे. तरीही ज्या घरात लसीनंतर कोणी गेले, त्या घराला सरासरी पुरत नाही. त्यांना आपल्या माणसाच्या कागदपत्रांचा तपास आणि सन्मानाने दिलेले उत्तर हवे असते. मुल्कोवालच्या १९ घरांनाही तेच हवे असणार.

२७/
इतिहासाचा पट समोर ठेवला तर लसींचे योगदान निर्विवाद आहे. ज्या देवीने पिढ्यान् पिढ्या मुले नेली, चेहरे विद्रूप केले, डोळे घेतले, तिचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. आणि याच इतिहासात एकोणीस मृत्यू, तापाने बुडालेल्या मजुऱ्या आणि दाखल्यांचा जाच हेही आहे. हे सांगितल्याने लस लहान होत नाही. ते दडवल्याने मात्र अफवेला जागा मिळते, हे १९०२ ने दाखवले आणि २०२४ ने पुन्हा दाखवले.

२८/
शेवटी एक काम. घरातील साठीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर देवीचा वण असेल. तो कोणी, कोठे, केव्हा काढला, तेव्हा ताप आला होता का, आई काय म्हणाली होती, हे त्यांना विचारा. मग २०२१ च्या मात्रेविषयी विचारा. उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. सरकारी अहवालांत अधिकाऱ्यांची मते सापडतात. टोचून घेणाऱ्याला काय वाटले, हे फार क्वचित सापडते. ती नोंद करणारी ही बहुधा शेवटचीच पिढी आहे, कारण देवीचे वण असलेली माणसे आता कमी होत चालली आहेत.

(समाप्त)